मसणवटीतले खड्डे

आषाढात विनोदिनी गेली. थोडे दिवस ताप आला, मग डोळे पिवळे झाले, आणि इस्पितळातून तिला घरी आणली ती चादरीत गुंडाळूनच. त्या दिवशी पाऊस असा लागला होता की वाड्यातल्या घराघरांतली माणसं ओट्यावरून अंगणात उतरायला धजत नव्हती. तरी तिला न्यावं लागलंच. मसणवट खाडीच्या काठावर, आणि तिथे जायला शेतातला अरुंद बांध, बैलगाडीही जाणार नाही असा. खांदेकऱ्यांचे पाय चिखलात घसरत होते. तिचा नवरा शिवदास मडकं धरून पुढे चालत होता. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी त्यानेच द्यायचा होता.

मसणवटीत पूर्वी पत्र्याची शेड होती. ती त्याआधी एका मे महिन्यातल्या वादळात गेली. गेली म्हणजे मोडली नाही. वाऱ्याने ती अख्खी उचलली आणि पलीकडच्या शेतात नेऊन उलटी टाकली. चारी खांब आभाळाकडे, आणि प्रत्येक खांबाच्या टोकाला काँक्रिटचा गोळा तसाच चिकटलेला. मुळा उपटावा तसे ते गोळे जमिनीतून वर निघून आले होते. पुढे पत्रे कोणी नेले, पाइप कोणी नेले, गोळे तेवढे शेतात राहिले. नव्या शेडची बोलणी दर चवथीला व्हायची आणि गणपती पाण्यात गेला की तीही जायची.

त्यामुळे विनोदिनीच्या चितेवर माणसांनी हातांनी पत्रे धरले. बांबूंना पत्रे बांधून चौघे चार बाजूंना उभे राहिले. पत्रा तापला की माणसं बदलायची. वाऱ्याची झड आली की पत्रा तिरका व्हायचा आणि पाऊस थेट आत पडायचा. लाकडं ओली होती. तूप झालं, राळ झाली, घासलेट झालं. आग धरायची आणि विझायची. माणसं एकमेकांकडे बघत नव्हती, शिवदासाकडे तर नाहीच.

"तू घरा जा, शिवदास," वाड्यातला भिकाजी म्हणाला. त्याच्या तळहाताला पत्र्याचा चटका बसला होता आणि तो हात ओल्या पंच्यात गुंडाळून पुन्हा बांबूला लागला होता. "आमी आसंव. तू जा."

शिवदास गेला नाही. जे बघू नये ते त्याने उभं राहून बघितलं. शेवटी उजाडल्यावर पुन्हा सुकी लाकडं वाहून नेऊन राहिलेलं पुरं करावं लागलं.

घरी गौरवी, त्याची एकुलती एक लेक, दारात बसून होती. बायका मसणवटीत जात नाहीत. "बाबा, आईचा नीट झाला मा?" तिने विचारलं.

"झाला," शिवदास म्हणाला आणि न्हाणीत गेला.

शिवदास गवंडी. पेडण्यात आणि मांद्र्याच्या बाजूला त्याने जन्मभर चिऱ्यांची घरं बांधली. लग्न झालं तेव्हा विनोदिनी त्याच्याबरोबर कामावर यायची. ती घमेली वाहायची, आणि जमीन धोपटायचं काम आलं की पेटणं तिच्याच हातात असायचं. घरात माती पसरून लाकडी पेटण्याने ती अशी ठोकायची की वर पाणी सांडलं तरी मुरायचं नाही. पुढे गौरवी झाली, विनोदिनी घरी राहिली, पण नवं घर बांधायला घेतलं की एकदा तरी येऊन नजर टाकून जायची. "ह्या जनेल ल्हान झाला," असं काहीतरी बोलून जायची. बहुतेक वेळा ते खरं असायचं.

पाऊस सरल्यावर शिवदास मधुकरकडे गेला. मधुकर देवस्थानचं आणि वाड्याचं सगळं बघायचा. मांद्र्याला किनाऱ्यावर त्याची पर्यटकांसाठी चार खोल्यांची जागा होती, त्यामुळे त्याच्या ओळखी पुष्कळ.

"मसणवटीची शेड मी बांधतंय," शिवदास म्हणाला. "मजुरी नको माका. सामान तेवढा बघा."

मधुकरने त्याच्याकडे नीट बघितलं. "तू जेवतंस मा रे वेळेर?"

"येत्या पावसाआधी व्हया. पुढच्या आषाढात कोणाच्या हातात पत्रो दिसता नये."

"सामानाचा मी बघतंय," मधुकर म्हणाला. "पण आधी जेव. बस हंय."

त्यावर शिवदास बसला आणि त्याच्याकडे जेवून आला.

शेड कशी करायची ते त्याच्या डोक्यात तयार होतं. जुने गोळे हलके होते म्हणून उपटले, आपण जड करू. गुडघाभर खड्डा, पण रुंद, आणि त्यात ठासून काँक्रिट. गौरवीला कारापूरला दिलेली, ती डिचोलीत एका बांधकामवाल्याकडे इंजिनियर होती. रविवारी ती स्कूटरवरून आली तेव्हा त्याने अंगणात काठीने रेघा ओढून तिला ते दाखवलं.

गौरवी उकिडवी बसून बघत राहिली. "खोल किती?"

"गुडघ्याक लागात इतको."

"बाबा, ही परत उडतली."

"उडतली कशी? एकेक गोळो चार माणसांका हलूचो नाय."

"वारो म्हणजे चार माणसां न्हय." ती तिथेच मातीत बसली. "आई मिरशांगो सुकत घाली, आणि वारो इलो की वर ताडपत्री टाकी. चार कोपऱ्यांत चार धोंडे. मग काय होय?"

शिवदासाला ते ठाऊक होतं. ताडपत्री फुगायची, धोंडे घरंगळायचे आणि विनोदिनी शिव्या देत मिरच्या गोळा करायला धावायची.

"घर आपल्या वजनान खाली बसता," गौरवी म्हणाली. "तुमी जन्मभर खाली बसणारा बांधल्यात. शेडीक वजनच नाय, आणि ती चारी बाजूंनी उघडी. वारो खालसून शिरता, आणि वरसून जाता तोय पत्र्याक ओढता. तिका दाबून नाय बसवची, धरून ठेवची लागता. छातीभर खोल जाया. तळाक रुंद बेस घालूया. आणि त्या बेसावर माती दाबून भरूया. खांब वर येवक बघतलो तेव्हा ती सगळी माती त्याका उचलूची लागतली. माती आपल्या बाजून."

"बरा. सळयांची जाळी घालतंय तळाक."

"तळाक एक. आणि बेसाच्या माथ्यार दुसरी."

"माथ्यार कशाक गो? जाळी सगळे खालीच घालतत."

गौरवीने चहाबरोबरच्या बशीतलं बिस्किट उचललं. दोन्ही कडा अंगठ्यांनी खाली दाबून धरल्या आणि मधून बोटाने वर रेटलं. बिस्किट वरच्या अंगाने उकललं. "वरसून माती कडा दाबता, मधी खांब वर ओढता. चीर माथ्यार पडता. घराक ती खालच्या अंगाक पडली असती, म्हणान तुमी खाली घालतात. हंय उलटा. आणि खांबाच्या सळयो खालच्या जाळीखाली वळवून घ्या, नायतर बेस खाली रवतलो आणि खांब एकटोच वर येतलो."

शिवदासाने बिस्किटाचे दोन तुकडे हातात घेऊन जुळवून बघितले. मग म्हणाला, "ह्या बरोबर आसा. पण होवचा नाय."

"कित्या?"

"मसणातलो खड्डो उघडो ठेवणत नाय. तो माणूस मागता म्हणतत. जुनी शेड केली तेव्हा म्हणानच सकाळी खणले आणि सांजेक भरले. हातात जितक्यो सळयो होत्यो तितक्यो टाकल्यानी. कोणाचो दोष नाय, सगळ्यांका तसाच बरोबर दिसला. तू सांगतंस तसो छातीभर खड्डो त्या चिऱ्याच्या जमनीत एका दिवसात खणून होणा नाय. बांधावरसून मशीन जायना. वर दोन जाळ्यो बांधूच्यो. आठवडो उघडे रवतले."

"मग गुडघाभरच करा," गौरवी चिडून म्हणाली. "करा आणि परत शेतातसून उचलून हाडा. इतकी घाय तरी कसली लागल्या तुमका? जेवण नाय, झोप नाय, रात-दिस शेड, शेड. आई गेली ती शेड नाय म्हणान गेली काय?"

तेव्हा त्याने तिला सांगितलं. सगळं नाही सांगितलं, पण उजाडल्यावर पुन्हा लाकडं न्यावी लागली तेवढं सांगितलं. सांगताना तो अंगणातल्या रेघांकडेच बघत होता.

गौरवीने डोळे पुसले नाहीत, गळू दिले. मग काठी उचलून तिने त्याच्या रेघा पायाने मोडल्या आणि मोठा चौकोन काढला. "उघडे रवले तर रवांदी," ती म्हणाली. "असाच करूया."

पाइप, सळ्या, सिमेंट जमवता जमवता शिगमा आला. शिगमा झाल्यावर शेतं सुकली आणि बांधावरून सामान वाहता येऊ लागलं. खणायला दोडामार्गाकडचा विठ्ठल आला, बरोबर त्याची माणसं. विठ्ठलने पहार हातात घेतली, जागा बघितली, खोली ऐकली आणि पहार खाली ठेवली.

"मेस्त्री, ह्या सांजेक भरूचा नाय?"

"नाय."

"मग मी नाय. माझी पोरां आसत घरात."

शिवदास म्हणाला, "विठ्ठल, त्या खड्ड्याक माणूस व्हया तर माझ्या घरातला एक आधीच नेल्यान. आणखी मागूक त्याका तोंड नाय."

विठ्ठलने मान खाली घातली. पण पहार उचलली नाही. शेवटी मधुकरने वाट काढली. खड्डा रिकामा असला तर मागतो ना, मग रिकामा ठेवायचा नाही. देवीपुढे बळी द्यायच्या जागी कोहळा कापतात, तसा इथे रोज सांजेला काम थांबलं की प्रत्येक खड्ड्यात एकेक कोहळा ठेवायचा आणि सकाळी काढायचा. विठ्ठलला ते पटलं. खाडीच्या काठावर पहार वाजू लागली.

भिकाजी रोज येऊन बांधावर बसायचा. तरुणपणी तो मुरगावच्या धक्क्यावर खनिजाच्या बार्जींवर होता. आता त्याची छाती भात्यासारखी वाजायची आणि घरापासून बांधापर्यंत यायला त्याला तीन ठिकाणी बसावं लागायचं. तिथे बसून तो सगळ्यांना टोमणे मारायचा.

"विठ्ठल, कोहळो बरो जून झालो. घरा ने, बायलेक सांग वड्यो घाल. मसणातल्यो वड्यो, घोव पळान जावचो नाय."

"आबा, तुमी घरा जावा. धूळ आसा हंय."

"धूळ? अरे, मी मुरगावची अख्खी जहाजां गिळलेलो मनीस." मग शिवदासाकडे वळून तो म्हणायचा, "तुझी शेड माझ्या आधी व्हया हां. पयलो पाहुणो मी. माका भिजवू नको. मी त्या दिसा बघलंय भिजणा म्हणजे काय ता."

त्याचा चटका बसलेला तळहात अजून गुळगुळीत आणि लालसर होता. शिवदास म्हणायचा, "व्हतली. तू दम धर."

"दमाचाच तर वांधो आसा," भिकाजी म्हणायचा आणि हसता हसता खोकायचा.

जमीन गौरवी म्हणाली होती त्याहून कडक निघाली. एका खड्ड्यात भरतीचं पाणी झिरपलं, ते बालद्यांनी उपसावं लागलं. मे उजाडला तेव्हा चारी खड्डे पुरे झाले होते आणि तळाच्या जाळ्या बांधून खांबांच्या सळ्या त्यांच्याखाली वळवून उभ्या केल्या होत्या. माथ्याच्या जाळ्या राहिल्या होत्या. दुपारी आभाळ डोंगराकडून काळं व्हायला लागलं होतं, पण पडत नव्हतं.

आणि तशातच एके सकाळी भिकाजी गेला.

शिवदास काठावर पोचला तेव्हा तिथे वाड्यातली दहा-बारा माणसं आधीच उभी होती. मधुकर होता. विठ्ठल अंगात शर्ट चढवून, हत्यारं पिशवीत भरून बाजूला उभा होता.

"मेस्त्री, मी सांगलेलंय," तो म्हणाला.

"आधी घेतल्यान विनोदिनीक, आता भिकाजीक," कोणीतरी मागून म्हणालं. "कोहळ्यान काय व्हतला? आज हे, उद्या कोण?"

मधुकरने शिवदासाला बाजूला घेतलं. "आयक. आज मढा येयसर हे खड्डे उघडे दिसता नये. खडी आसा, सिमेंट आसा, माणसां आसत. तळाची जाळी झालीच हा मा? वरची ऱ्हवांदी. दुपारपर्यंत काँक्रिट ओतून मोकळे होवया. माणसां शांत व्हतली, तुझी शेडय व्हतली."

"वरच्या जाळीशिवाय?"

"अरे, खोल तर आसा. पूर्वीपेक्षा कितीतरी खोल आसा. एक जाळी कमी पडली म्हणान काय?"

शिवदास खड्ड्याच्या कडेला गेला. उभ्या सळ्यांवर ऊन पडलं होतं. एक मन म्हणत होतं की मधुकर म्हणतो ते मान्य करावं. माणसं बिथरली तर उद्या विठ्ठल येणार नाही, कोणीच येणार नाही, आणि पावसात हे खड्डे चिखलाने भरून जातील. मग ना शेड, ना काही. आज ओतलं तर निदान उभी तरी राहील. एखादं वर्ष उभी राहील, कदाचित दोन. आणि मग एखाद्या आषाढात कोणाच्या तरी आईवर माणसं हातांनी पत्रे धरतील. त्याला ते सगळे चेहरे पुन्हा दिसले, त्याच्याकडे न बघणारे.

"थांबा," तो म्हणाला. "मी येयसर कोणी काय ओतू नकात."

तो भिकाजीच्या घरी गेला. अंगणात माणसं होती, कोणी बांबू कापत होतं. भिकाजीची बायको सुलोचना आत मढ्याच्या पायथ्याशी बसली होती. शिवदास उंबऱ्यापाशी बसला. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरलं.

"वयनी," तो म्हणाला, "खड्डे उघडे आसत."

सुलोचनाने त्याच्याकडे बघितलं. "माका म्हायत आसा. बायलो रडूक इल्यो त्यो ताच सांगान गेल्यो. खड्ड्यान मागल्यान म्हणान."

"तुमका तसा वाटता तर मी आता जावन भरतंय. जसा आसा तसा."

ती थोडा वेळ नवऱ्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिली. "चवथीपासून हे बसान झोपत," ती म्हणाली. "आडवे पडले की श्वास अडके. मी पाठीक उशी लावन रात-रात बसान ऱ्हवलंय. तेव्हा तुमचो खड्डो खंय होतो, भावोजी?" तिचा आवाज चढला. अंगणातली माणसं बघू लागली. "त्यान काय मागूक नाय. ह्यानीच मागल्यानी. रोज देवाक सांगत, आता ने म्हणान. फक्त शेड होयसर दम धर म्हणत. ता काय झाला नाय." मग ती शांत झाली. "ह्यांका त्या खड्ड्यांच्या मधीच ठेवा. उघडेच आसांदी. आणि मधुकराक सांगा, माझ्या घोवाच्या नावार कोणी काम बिघडवूचा नाय."

हे अंगणातल्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे शिवदासाला मसणवटीत जाऊन काही सांगावं लागलं नाही. त्याच्या आधी बातमी पोचली होती. मधुकर नुसता म्हणाला, "बरा तर," आणि लाकडं रचायला लागला.

भिकाजीला चारी खड्ड्यांच्या मधोमध जाळलं. आभाळ भरून आलं होतं, एकदा-दोनदा थेंबही पडले, पण पाऊस आला नाही. लाकडं सुकी होती. भराभर पेटली. शिवदास एका खड्ड्याच्या कडेला उभा राहून आभाळाकडेच बघत होता. अजून थोडं थांब, तो मनात म्हणत होता, आणि हे कोणाला उद्देशून ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. जवळच उभ्या असलेल्या विठ्ठलने विचारलं, "वरच्या जाळीच्या सळयो कापून झाल्यो काय, मेस्त्री?"

"अजून नाय."

"अस्थी नेल्यो की कापूक घेवया."

त्याप्रमाणे घेतल्या. माथ्याच्या जाळ्या बांधल्या, त्या खाली बसू नयेत म्हणून मधे सळ्यांच्या घोड्या ठेवल्या. गौरवी रजा काढून आली. बांधावरून ती मसणवटीत उतरली तेव्हा माणसांनी एकमेकांकडे बघितलं, पण कोणी अडवलं नाही. तिने प्रत्येक गाठ हाताने ओढून बघितली आणि मगच काँक्रिट ओतायला सांगितलं. खांबाचे बुंधे जमिनीच्या वर येईपर्यंत ओतून झाले, सुकू दिले, आणि मग माती भरायला घेतली.

गौरवीने सांगितलं होतं की माती एकदम ढकलायची नाही. वीतभर टाकायची, पाणी मारायचं, ठोकायची, मग पुढचा थर. माणसं पहारीच्या बुंध्याने आणि लाकडाच्या ओंडक्याने ठोकत होती. शिवदास घरी गेला आणि माळ्यावरून पेटणं काढून घेऊन आला. मूठ धरायच्या जागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. त्याच्या रुंद हाताला ती जागा पुरत नव्हती. पहिल्या थरापासून शेवटच्या थरापर्यंत एका खड्ड्याची माती त्याने एकट्याने धोपटली. खाली वाकून, एकाच तालात. कंबर भरून आली तरी त्याने पेटणं कोणाला दिलं नाही, आणि कोणी मागितलंही नाही. त्या मातीखाली आता काय आहे ते फक्त तिथे असलेल्यांना ठाऊक होतं. वरून नुसती सपाट जमीन आणि चार बुंधे दिसत होते.

पत्रे चढले ते मिरग लागायच्या तोंडावर.

आषाढात समुद्रावरून वारा सुटला. वाड्यातले दोन माड पडले, मांद्र्याला मधुकरच्या खोल्यांची कौलं गेली. सबंध दिवस वारा होता. उतरल्यावर शिवदास बांधावरून मसणवटीत गेला. शेड जागेवर होती. एक पत्रा कोपऱ्यात सुटून फडफडत होता, तेवढंच. त्याने प्रत्येक खांबाच्या बुंध्याशी बसून भोवतालची माती बोटांनी चाचपली. खांब जरा जरी वर आला असता तर भोवती माती फाटली असती. कुठेच फाटली नव्हती. त्याने गौरवीला फोन लावला.

"माती फाटल्या काय?" तिने पहिलं तेच विचारलं.

"नाय."

"खंयच नाय?"

"खंयच नाय गो."

मग ती म्हणाली, "वर्षश्राद्धाक मी आदल्या दिसा येतंय."

श्राद्धाच्या आदल्याच दिवशी पलीकडच्या वाड्यातली एक म्हातारी वारली. तिला शेडीत आणली. पाऊस सकाळपासून धरला होता. शिवदासही गेला. म्हातारीशी त्याची विशेष ओळख नव्हती, पण तो गेला. लाकडं सुकी होती, आग एकदाच लावली आणि ती लागली. कोणी काही धरून उभं नव्हतं. माणसं पत्र्याखाली एका बाजूला घोळक्याने उभी होती, कोणी मोबाइल बघत होतं, कोणी पडलेल्या माडांचं बोलत होतं, एकजण तर कसल्याशा गोष्टीवर हसला आणि मग ओशाळला. म्हातारीच्या मुलांना कोणी घरी जा म्हटलं नाही. तशी गरजच पडली नाही. दुपार कलायच्या आत सगळं नीट झालं.

जाताना तिचा मोठा मुलगा शिवदासापाशी आला. "मेस्त्री, तुमच्यामुळे आवशीचा बरा झाला," तो म्हणाला आणि हात जोडले. शिवदासाने मान हलवली. माणसं छत्र्या उघडून बांधावरून एकामागोमाग निघून गेली.

शिवदास मागे राहिला. वर्षभर सकाळी उठलं की त्याच्यापुढे काहीतरी असायचं. पाइप आणायचे, सळ्या वाकवायच्या, पाणी उपसायचं, माती ठोकायची. हे सगळं पुरं झालं की आतलं ओझं थोडं तरी उतरेल असं त्याला वाटलं होतं. तसं त्याने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःलाही नाही, पण वाटलं होतं. आता शेड उभी होती. वाऱ्याने तिला ओढून बघितलं होतं आणि ती आली नव्हती. यापुढे या वाड्यातलं कोणी भिजणार नव्हतं. विनोदिनी मात्र भिजली होती. ते कुठलीच जाळी घालून आता मागे घेता येणार नव्हतं.

तो खांबाला टेकून खाली बसला. निखारे अजून लाल होते. इतके दिवस जे आलं नव्हतं ते आता आलं, आणि त्याने ते अडवलं नाही. पत्र्यांवर पाऊस इतका वाजत होता की त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता.

काळोख पडायच्या आधी तो उठला. बांध निसरडा झाला होता, आणि घरी गौरवी येऊन वाट बघत असणार होती.